छत्री : स्वतः

पाच बहिणींतली ती तिसरी, म्हणून तिचं नाव पडलं मधली. खरं नावही होतं. चांगलं होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं, लग्नाच्या पत्रिकेवर छापूनही आलं होतं. पण हाक मारायच्या वेळी ते कोणाला आठवायचं नाही. मान थोरलीला, लाड धाकटीचे, आणि ही आपली मधे. आता तिची साठी उलटली तरी मेहुणे मंडळी फोनवर "मधली कशी आहे?" असंच विचारतात, आणि तेही फोन तिनेच उचललेला असताना.

लहानपणी एकदा सगळं घर दोन गाड्या करून परगावी निघालं होतं. वाटेत पेट्रोल पंपावर थांबले, हातपाय धुतले, परत बसले. वडिलांनी माणसं मोजली आणि ती बरोबर भरली, कारण वडिलांनी स्वतःला दोनदा मोजलं होतं. मधली नळापाशी उभी राहून दोन्ही गाड्यांची धूळ बघत होती. पुढच्या गावात तिचा डबा उघडायची वेळ आली तेव्हा डब्याची मालकीण नाही हे लक्षात आलं. परत न्यायला आले ते वर तिलाच रागावले, "तोंड नाही का तुला? ओरडायचं ना." ओरडली होती हो ती. चांगली दोनदा ओरडली होती. पण तिचा आवाजच असा, की तो समोरच्या माणसापर्यंत जायचा आणि कानाशी पोचला की संकोचून परत फिरायचा.

एका ठिकाणी मात्र तिला रोज न चुकता हाक यायची. शाळेत. बाई हजेरी घ्यायच्या ती नावाने नाही, क्रमांकाने. "सतरा" म्हटलं की हिने "हजर" म्हणायचं, आणि बाई मान वर करून, चष्म्यातून थेट तिच्याकडे बघायच्या. तेवढं एक बघणं तिचं स्वतःचं होतं. पहिलीपासून शाळा सुटेपर्यंत तिचा क्रमांक सतराच राहिला आणि तो शब्द जिभेवर असा काही बसला, की पुढे कॉलेजात असताना दवाखान्यात कंपाउंडरने "सतरा" पुकारलं तेव्हा ती ताठ उभी राहून "हजर" म्हणाली. तिचा नंबर नऊ होता. बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून हसले. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला की यापुढे कुठेही आकडे पुकारायला लागले की ओठ घट्ट मिटायचे. कानाला लावला, पण जिभेला कोण सांगणार?

तिचं लग्न झालं ते मोटार शिकवणाऱ्या माणसाशी. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याच्या पायाला अशी सवय लागली होती, की घरात खुर्चीवर बसलेला असतानाही कोणी घाईने आत आलं की तो जमिनीवर ब्रेक दाबायचा. आमटीचं भांडं घेऊन ती वळली की म्हणायचा, "हळू, वळण आहे." माणूस मनाने चांगला, पण सगळं लक्ष समोरच्या रस्त्यावर, शेजारी कोण बसलंय तिकडे कमी.

मुलगा दोन-तीन वर्षांचा झाला आणि तिला नोकरी लागली. चष्म्याच्या दुकानाखाली तळघरात आवाज मुद्रित करायचा स्टुडिओ होता, तिथे दारातल्या टेबलावर. फोन घ्यायचे, आलेल्या कलाकारांना बसवायचं, दारावरचा लाल दिवा लागलेला असला की कोणालाही आत सोडायचं नाही, संहितेची पानं जुळवून टाचण्या मारून ठेवायच्या. तिथे तिला सगळे 'रिसेप्शन' म्हणायचे. "रिसेप्शन, चहा सांग." जसं काही टेबलाशीच बोलतायत. तिला त्याचंही काही वाटायचं नाही. म्हणजे वाटायचं, पण सांगणार कोणाला?

तर त्या स्टुडिओत मराठी आवाज चढवायला एक जपानी मालिका आली. कार्टूनच, पण असलं कार्टून कोणी पाहिलेलं नव्हतं. मराठीत तिचं नाव ठेवलं होतं 'सातवी फ'. त्या वर्गाचा मॉनिटर होता एक फ्रीज. तो दार उघडायचा आणि सगळा वर्ग गार पडायचा. शाळेचा जिना तीन वर्षं सातवीतच नापास होत होता, कारण त्याला वर चढता येत नव्हतं. इतिहासाचे सर कालच्या दिवसात राहायचे, त्यामुळे आजचा तास घ्यायला ते उद्या यायचे. मुख्याध्यापक फळ्याच्या मागे राहायचे आणि खडूच्या आवाजात बोलायचे. कलाकारांच्या नाकी नऊ आले. मुख्याध्यापकांचं काम करणारे नाटकातले ज्येष्ठ गृहस्थ तर रोज भांडायचे, "अहो पण ते फळ्यामागे का राहतात? मला कारण द्या, मी अभिनय करतो." दिग्दर्शकाला मोठ्या मिशा होत्या, म्हणून सगळे त्याला मिशा म्हणायचे. मिशा शांतपणे सांगायचा, "शाळेला जागा कमी आहे." गृहस्थ विचार करून म्हणायचे, "हां, मग ठीक." आणि उत्तम वाक्य टाकायचे.

मधलीला मात्र ती मालिका पहिल्या दिवसापासून आवडली. पानं आत द्यायच्या निमित्ताने ती काचेपलीकडच्या पडद्यासमोर घुटमळायची. का आवडली ते विचाराल तर तिला धड सांगता आलं नसतं, म्हणून मीच सांगतो. त्या शाळेत कोणीही, अगदी कोणीही, कसंही आलं तरी "तू असा कसा?" म्हणून कोणी विचारत नव्हतं. फ्रीजला पाढे येत नाहीत? बरं, उद्या पाठ करून ये. जिना पुन्हा नापास? बसव त्याला पहिल्या बाकावर. कोणी तोंडात बोटं घालत नाही, कोणी कोणाला हाकलत नाही, आणि तास सुरू होतो. हजेरीत आपण मोजलं जावं म्हणून तिथे काही मोठं करून दाखवावं लागत नव्हतं. नुसतं असलं तरी चालायचं.

पहिल्याच भागाचं मुद्रण चाललं होतं. मधलीला सणसणीत सर्दी झाली होती, नाक पार चोंदलेलं. बदललेलं एक पान घेऊन ती आत शिरली आणि तेवढ्यात लाल दिवा लागला, त्यामुळे बाहेर जाता येईना. कोपऱ्यात श्वास रोखून उभी राहिली. वर्गबाईंचं काम करणारी नटी हजेरी घेत होती. चौदा, हजर. पंधरा, हजर. सोळा, तर जिना करकरला. मग ती म्हणाली, "सतरा."

मूळ मालिकेत सतरा नंबर गैरहजर होता. बाई रिकाम्या बाकाकडे बघतात, थोडा वेळ शांतता, मग अठरा. एवढंच होतं. पण त्या शांततेत कोपऱ्यातून चोंदलेल्या नाकाने, नम्रपणे, स्पष्ट ऐकू येईल असं कोणीतरी म्हणालं, "हजर."

मधलीला वाटलं, गेली नोकरी. सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले, आणि इतक्या जणांनी एकदम आपल्याकडे बघायची तिला सवय नव्हती. "माफ करा," ती पुटपुटली, "माझा नंबर सतरा होता." मिशाने मुद्रण थांबवलं, फीत मागे नेली आणि पुन्हा लावली. पडद्यावर रिकामा बाक. बाकाला टेकून कोणाची तरी विसरलेली काळी छत्री. बाई म्हणतात, "सतरा." आवाज येतो, "हजर." आणि नेमकी त्याच क्षणी ती छत्री बाकावरून बोटभर घसरते.

हसून हसून मिशाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुख्याध्यापक खुर्चीवरून उठून कारण न विचारता हसले. जपानी लोकांनी ती छत्री नुसतीच काढली होती; पात्र म्हणून नाही, कोपरा भरायला. पण मराठीत ती त्या दिवसापासून विद्यार्थिनी झाली. पुढच्या प्रत्येक भागात हजेरी होती, प्रत्येक हजेरीत सतरा गैरहजर होता आणि कुठे ना कुठे ती छत्री होतीच. मधलीने दर वेळी आत जायचं, नाक चिमटीत धरायचं, एक शब्द म्हणायचा आणि बाहेर येऊन फोन घ्यायचा. मिशाने तिच्याकडून शब्द घेतला, "आवाज कोणाचा, ते आपल्या पाच-सहा जणांतच राहिलं पाहिजे. छत्री बोलते, बस. लोकांना कळलं तर मजा जाईल." मालिकेच्या शेवटी कलाकारांची नावं यायची, त्यात सर्वांत खाली लिहिलेलं असायचं, 'छत्री : स्वतः'.

मालिका घरोघरी गाजली. शाळांमधून पोरं नाक धरून हजेरी द्यायला लागली आणि शिक्षक हैराण झाले. मधलीच्या घरी तर कळसच. मुलगा शाळेत जायला लागला तो छत्री घेऊनच, उन्हातसुद्धा. बाकावर शेजारी तिला बसवायचा. मालिका लागायची वेळ झाली की बापलेक कोचावर जाऊन बसायचे. मधली स्वयंपाकघरातून सांगायची, "थांबा, मी आलेच." बाहेरून उत्तर यायचं, "तू ये सावकाश, आम्ही लावतो." मग ती ओट्याशी उभी राहून ऐकायची. बाई म्हणायच्या, "सतरा." तिचाच आवाज म्हणायचा, "हजर." आणि बाहेर दोघं असे काही हसायचे की नवऱ्याचा पाय ब्रेकवर आपटायचा. त्यांचे हसणारे चेहरे तिने कधी पाहिले नाहीत. ती हात पुसत बाहेर येईपर्यंत हजेरी झालेली असायची.

सांगावंसं वाटायचं. एकदा जेवताना तिने सुरुवातही केली, "त्या छत्रीचा आवाज आहे ना," तर मुलगा म्हणाला, "आई, गप्प, तुला नाही कळणार ती छत्री." तिला हसू आलं आणि मग राहूनच गेलं. पुढे इतकी वर्षं गेली की सांगितलं तर बढाई वाटेल अशी भीती वाटायला लागली. स्टुडिओ बंद झाला, टेबल गेलं. मुलगा मोठा झाला आणि आवाजाच्याच धंद्यात शिरला, जुन्या फिती स्वच्छ करून द्यायच्या कामात. कोणी विचारलं की तो सांगायचा, "त्या छत्रीने मला या धंद्यात ओढलं." मधली तेव्हा पाहुण्यांना चहा देत असायची.

आणि मग यंदा 'सातवी फ' पुन्हा निघायची ठरली. नवी प्रत, नवा रंग, जुनेच मराठी आवाज. काम आलं ते थेट मुलाकडे. आठवडाभर तो हवेत होता. मग एक दिवस पडलेल्या चेहऱ्याने जेवायला बसला.

"छत्रीचा आवाज काढावा लागणार," तो म्हणाला.

मधलीच्या हातातली पळी भांड्यातच राहिली. "का रे?"

"ज्यांचे आवाज आहेत त्या प्रत्येकाची लेखी परवानगी हवी म्हणतात मालिकेचे मालक. सगळ्यांच्या मिळाल्या. मुख्याध्यापकांच्या नातवाने सही केली. छत्रीचं कोणीच नाही. त्यात मूळ मालिकेत तो आवाज नाहीच. मालक म्हणतात, कोणाची तरी चूक दिसतेय, पुसून टाका. सोमवारी प्रत द्यायची आहे."

चूक. तशी चूकच होती, मधली मनात म्हणाली. पण आयुष्यात लोकांच्या लक्षात राहील असं तिच्या हातून जे काही झालं, ते तेवढंच होतं.

"तू होतीस ना तिथे कामाला?" मुलाने एकदम विचारलं. "आठवून बघ. कोणाला सर्दी व्हायची का तिथे?"

आता कोणीही म्हणेल, अगं बाई, सांगून टाक. मीही म्हणालो असतो. पण तिच्या मनात काय होतं ते ऐका. जन्मभर तिने स्वतःच हात वर केला होता, स्वतःच 'मी इथे आहे' म्हटलं होतं, आणि दर वेळी गाडी निघून गेली होती. आता पहिल्यांदा कोणीतरी तिला शोधत होतं. एकदा, एकदा तरी आपण सापडावं, आणि ते याला सापडावं, असं तिला फार वाटलं.

"एक होती," ती म्हणाली.

"कोण?"

"होती एक. फारशी कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती."

"मग जाऊ दे," मुलगा म्हणाला आणि भाजी घेतली.

मधलीने भांड्यावर झाकण ठेवलं. ती पाणी आणायला उठली.

मुलाने शोधायचं मात्र सोडलं नाही. मिशाला फोन केला. मिशा आता पिकला होता, मिशाही पिकल्या होत्या. तो म्हणाला, "माहीत आहे मला. पण एकमेकांना शब्द दिलाय. तिचं तिने सांगितलं तर सांगू दे." मुलगा गयावया करायला लागला तसा म्हाताऱ्याला गंमत वाटली. "एवढंच सांगतो, सर्दी झालेली बाई शोध. जवळच सापडेल." झालं. चिरंजीव दोन दिवस गावातल्या झाडून सगळ्या जुन्या नट्यांना फोन करून विचारत होते, की आपल्याला पूर्वी सर्दी होती का. एकीने त्याला कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मधलीने आपल्या परीने खुणा करून पाहिल्या. नाक ओढलं, खोकली, एकदा तर दाराच्या खुंटीवरची काळी छत्री काढून उगाचच झटकली. मुलगा म्हणाला, "आई, धूळ नको उडवू, काम चाललंय." नवरा म्हणाला, "हळू, काडी लागेल कोणाला."

रविवारी मुलाने हात टेकले. बाहेरच्या खोलीत स्पीकर लावून बसला आणि छत्रीचा शब्द प्रत्येक भागातून काढायला लागला. नवरा शेजारी पेपर वाचत होता. मधली आत कांदा चिरत होती. कांदा जहाल निघाला; डोळ्यांना धार लागली होती आणि नाक पार बंद झालं होतं. खरं सांगायचं तर सगळंच पाणी कांद्याचं नव्हतं. संपलं, तिने मनाशी म्हटलं. परत पेट्रोल पंप.

बाहेर पहिला भाग लागला. मुलगा काढून टाकलेली जागा तपासत होता. चौदा, हजर. पंधरा, हजर. सोळा, जिना करकरला.

"सतरा."

पुढे शांतता. घासूनपुसून साफ केलेली शांतता.

"हजर," मधली म्हणाली. म्हणाली कसली, जीभच म्हणाली. तिला कोणी विचारलंच नाही.

बाहेर पेपर खाली आला. "नीट काढलं नाहीस तू," नवरा म्हणाला. "अजून बोलतेय ती."

"काढलंय बाबा. बघा, इथे काहीच नाही." मुलाने पुन्हा मागे नेलं, पुन्हा लावलं. चौदा. पंधरा. जिना.

आत मधली सुरी हातात धरून उभी होती. आता तिला सगळं कळत होतं. ओठ मिटता आले असते. सवयच होती त्यांना. पण ऐनवेळी वाटलं, सापडायची वाट किती बघायची, आणि आपल्याच घरात?

"सतरा."

"हजर," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज परत फिरला नाही.

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने आईकडे पाहिलं. लाल नाक, भरलेले डोळे, हातात अर्धा कांदा.

"आई, तू?"

"मग काय, फ्रीज?"

तो दारातच खाली बसला. थोडा वेळ नुसताच हसत होता, मग हसणं थांबलं. "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आणि तू म्हणालीस, एक होती. आणि मी जाऊ दे म्हणालो."

"म्हणालास खरा."

"का नाही सांगितलंस आई?"

"शब्द दिला होता." मग तिला वाटलं, आज अर्धवट कशाला. "आणि मला वाटायचं, तू ओळखशील. रोज वाटायचं."

मुलाने मान खाली घातली आणि तिच्या पदराचं टोक धरून बसला, लहान असताना धरायचा तसं. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे नवरा आला. "म्हणजे इतकी वर्षं मी हसून लोळत होतो, ते तुझ्यावर?"

"हो."

"तरीच. आवाज ओळखीचा वाटायचा मला."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली, आणि तिघंही हसायला लागले. तेव्हा तिने पहिल्यांदा ते दोन्ही चेहरे, हसताना, समोरून पाहिले.

परवानगीच्या कागदावर तिने आपलं खरं नाव लिहिलं, सगळं, न थांबता. मुलाने शब्द जागच्या जागी परत बसवला. "आता शेवटी काय लिहू?" त्याने विचारलं. "तुझं नाव घालू?" ती जरा विचार करून म्हणाली, "नको. 'स्वतः' आहे, तेच राहू दे. बरोबर आहे ते."

नवी प्रत लागली त्या संध्याकाळी बापलेक कोचावर जाऊन बसले. मधली आत होती, गॅसवर दूध होतं. सवयीने तिने ओरडून सांगितलं, "तुम्ही लावा, मी येतेच." उत्तर आलं नाही. ऐकू गेलं नसेल, नेहमीचंच, म्हणून तिने सावकाश दूध उतरवलं, झाकलं, हात पुसले आणि बाहेर आली.

पडद्यावर शाळेचं फाटक होतं, थांबलेलं. मुलाच्या हातात रिमोट. नवऱ्याचा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला.

"अजून लावलं नाही?" तिने विचारलं.

"मोजली मी माणसं," नवरा म्हणाला. "एक कमी भरत होतं."

दोघंही दोन बाजूंना सरकले. मधली मधे बसली, आणि मुलाने बटण दाबलं.